वळणावर मोटारसायकल खाली घासते: कारण शोधण्यापासून दुरुस्तीपर्यंत

वळण घेताना मोटारसायकलचा एखादा भाग डांबरावर घासला की चालक आधी दचकतो आणि मग बहुधा घासलेल्या भागालाच दोष देऊन मोकळा होतो. साइड स्टँड घासला म्हणून तो कापणे, साडीगार्ड घासला म्हणून काढून ठेवणे, लेगगार्ड ग्राइंडरने छाटणे असे उपाय गॅरेजमध्ये सर्रास होतात आणि थोड्याच दिवसांत त्याच वळणावर त्याच्या आतला दुसरा भाग टेकू लागतो. गाडी मागून बसलेली असेल, शॉकअप थकलेले असतील किंवा ओझे तिच्या कुवतीबाहेरचे असेल, तर बाहेरचे लोखंड कितीही कापले तरी जमीन दूर जात नाही. म्हणून या लेखात कामाचा क्रम जाणीवपूर्वक असा ठेवला आहे की कापाकापी सर्वांत शेवटी येते, आणि बहुतेक गाड्यांच्या बाबतीत तिथपर्यंत जाण्याची वेळच येत नाही.

मराठवाड्यातील बहुतेक रस्ते सपाट आणि सरळ आहेत. परभणी, जालना किंवा लातूरच्या परिसरात रोज गाडी चालवणाऱ्याला ती पूर्ण लवण्याचा प्रसंग फारसा येत नाही, त्यामुळे तिच्या बुडाशी काय बिघडले आहे हे वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. मग एखाद्या दिवशी धारूरचा अरुंद घाट, कन्नड-चाळीसगाव रस्त्यावरचा औट्रम घाट, दौलताबादहून खुलताबादला चढणारी वळणे किंवा नवरात्रात तुळजापूरला जाताना लागणारा घाट समोर येतो, गाडीवर दोन-तीन माणसे आणि पिशव्या असतात, आणि पहिल्याच तीव्र वळणावर खालून खर्रर्र असा आवाज येतो. बिघाड जुना असतो, घाटात तो फक्त ऐकू येतो.

कोणता भाग घासला तर किती गंभीर

घासणाऱ्या भागांचे दोन गट आहेत. बिजागरीवर वर दुमडणारे पायदान, त्याच्या टोकाखाली काही गाड्यांना असलेला छोटा बोल्ट किंवा बुटाची कड घासली तर ती सूचना समजावी, कारण हे भाग जमिनीला लागताच वर सरकतात आणि चाकाची पकड सुटत नाही. स्टँडची दांडी, सायलेन्सर, लेगगार्ड, इंजिनखालची पट्टी, तसेच काही जुन्या गाड्यांतील एकसंध नळीचे न दुमडणारे पायदान हे घट्ट भाग आहेत. ते टेकले की गाडीचे वजन चाकावरून उचलले जाऊन त्या भागावर येते, टायर हलका होतो आणि चाक बाहेरच्या बाजूला सरकते. डाव्या वळणावर अर्धवट खाली आलेला साइड स्टँड खड्ड्यात किंवा डांबराच्या कडेत रुतला, तर चालक फेकला जाण्यास क्षणही लागत नाही. म्हणून घट्ट भाग एकदा जरी घासला असेल, तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नये.

गाडी किती लवते हे मुख्यतः वेग आणि वळणाची त्रिज्या या दोन गोष्टींवर ठरते. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटर वेगाला गाडी सुमारे २० अंश लवावी लागते, ४० ला सुमारे ३२ अंश आणि ५० ला जवळजवळ ४४ अंश. टायर रुंद असेल तर यात थोडी भर पडते. साध्या प्रवासी मोटारसायकलीचे पायदान सुस्थितीत साधारण ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान टेकते, बुटक्या क्रूझर गाड्यांचे त्याही आधी. म्हणजे त्याच वळणावर वेग ताशी दहा किलोमीटरने वाढला की बारा अंशांचा फरक पडतो, तर पायदान एक सेंटिमीटर उचलून जेमतेम एक अंश हाती लागतो. हे गणित लक्षात ठेवले तर पुढे सुट्या भागांवर किती खर्च करायचा याचा निर्णय सोपा होतो.

ओझ्यामुळे लवण्याचा कोन बदलत नाही, मात्र उपलब्ध जागा कमी होते. शिवाय वळणावर शॉकअपवर सरळ रस्त्यापेक्षा जास्त भार येतो. गाडी ३० अंश लवलेली असताना तो सुमारे १५ टक्क्यांनी आणि ४० अंशांवर सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. उभी असताना व्यवस्थित दिसणारी गाडी वळणावर आणखी खाली बसते ती यामुळे, आणि त्यातच रस्त्यात खळगा आला तर उरलेली जागाही संपते.

आधी खूण शोधावी

गाडी धुऊन डबल स्टँडवर लावावी आणि दोन्ही बाजूंनी खाली वाकून, हातात टॉर्च घेऊन बुडाची पाहणी करावी. घासल्याची खूण नीट वाचता आली तर अर्धे निदान तिथेच होते. भागाच्या बाहेरच्या कडेवर तिरकी, पुढून मागे गेलेली चकाकती रेघ असेल तर ती वळणावरची आहे. इंजिनच्या खाली किंवा डबल स्टँडच्या आडव्या नळीवर मधोमध सपाट घर्षण असेल तर ते गावोगावच्या उंच गतिरोधकांचे काम आहे आणि त्याचा वळणाशी संबंध नाही, तरी गाडी खाली बसली असल्याची शंका तेथेही घ्यावीच. खुणेवर गंज चढला असेल तर ती जुनी, उघडे पांढरे लोखंड दिसत असेल तर ताजी.

खूण स्पष्ट नसेल तर चुना वापरावा. तंबाखूच्या पुडीतला ओला चुना पायदानाची टोके, साइड स्टँडचा कान (पायाने ढकलायचे टोक), डबल स्टँडची पायाने दाबायची दांडी, सायलेन्सरची खालची कड, लेगगार्डचे कोपरे आणि साडीगार्डची खालची नळी यांवर बोटाने पातळ लावून वाळू द्यावा. नंतर नेहमीच्या ओझ्यासह नेहमीच्या रस्त्याने, नेहमीपेक्षा जास्त वेग न घेता जाऊन यावे आणि चुना कुठे पुसला गेला ते पाहावे. खडूपेक्षा हा उपाय बरा, कारण वाळलेला चुना वाऱ्याने उडत नाही आणि घासल्याची कड अगदी बारीक दिसते. डावीकडच्या आणि उजवीकडच्या खुणांची वेगळी नोंद करावी. दोन्ही बाजू सारख्या घासत असतील तर संशय शॉकअपवर, हवेवर आणि ओझ्यावर घ्यावा. एकच बाजू घासत असेल तर वाकलेला किंवा ढिला भाग, अथवा एका अंगाला जास्त असलेले ओझे शोधावे.

ढिले आणि वाकलेले भाग

सर्वांत जास्त तक्रारी साइड स्टँडच्या असतात. आपल्या भागात त्याचे एक खास कारण आहे. काळ्या मातीत स्टँड रुतून गाडी पडू नये म्हणून शेतकरी त्याच्या तळाला रुंद लोखंडी पट्टी वेल्डिंग करून घेतात, आणि वेल्डरने ती मध्यावर धरून चिकटवली की तिचा अर्धा भाग बाहेर येतो. डाव्या वळणावर तोच कोपरा प्रथम टेकतो. अशी पट्टी काढून टाकण्याची गरज नाही, कारण शेतात तिचा उपयोग खरा आहे. स्टँड वर दुमडलेला असताना जो कोपरा बाहेर व खाली राहतो तेवढाच तिरका कापून कड गोल करावी, आणि नवी पट्टी लावायची असल्यास ती आतल्या बाजूला सरकवून लावण्यास सांगावे.

स्टँड पूर्ण वर न जाण्याचे कारण बहुधा त्याच्या खिळीत, म्हणजे तो ज्या बोल्टवर फिरतो तिथे, असते. पावसाळ्यात चिखल आणि साखळीचे उडालेले तेल तेथे एकत्र साचते व उन्हाळ्यात खापरासारखे कडक होते. डिझेल किंवा रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन ही जागा मोकळी करावी. स्प्रिंग काढताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि ती मजबूत दोरीच्या फासाने ओढावी, कारण पक्कडीतून सुटलेली स्प्रिंग थेट चेहऱ्याकडे येते. खिळीचा बोल्ट काढून त्यावर खाच पडली आहे का ते पाहावे, ग्रीस लावून तो परत बसवावा, स्टँड सहज फिरेल इतपतच आवळावा आणि मग मागचा लॉकनट घट्ट करावा. पुष्कळ गाड्यांना एकात एक अशा दोन स्प्रिंगा असतात. त्यांतली आतली तुटली तरी बाहेरून कळत नाही, स्टँड मात्र खड्ड्यात आदळला की खाली लोंबतो. तपासणी सोपी आहे. स्टँड वरच्या बाजूला असताना हाताने थोडा खाली ओढून सोडावा. तो खाडकन जागेवर गेला पाहिजे. रेंगाळला तर स्प्रिंग बदलावी. ताणलेली स्प्रिंग कापून आखूड करण्याचा उद्योग टिकत नाही. नव्या गाड्यांत स्टँडपाशी इंजिन बंद करणारा स्विच असतो. त्याची वायर काम करताना ओढली जाणार नाही याकडे लक्ष द्यावे, आणि त्रास देतो म्हणून वायरी थेट जोडून तो निकामी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

डबल स्टँडच्या बाबतीत रबरी बफर पाहावा. स्टँड वर गेल्यावर तो ज्या रबरावर टेकतो ते झिजले किंवा पडून गेले की स्टँड आपल्या जागेवर स्थिर राहत नाही, सायलेन्सरवर आपटतो किंवा वाकडा बसतो. हे रबर किरकोळ किमतीत मिळते आणि बसवायला मिनिटही लागत नाही. स्टँडच्या आडव्या खिळीतले बुश (खिळीभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजले असतील तर स्टँड एका बाजूला झुकतो व त्याची पायाची दांडी डावीकडे घासते. स्टँड हाताने डावीकडे-उजवीकडे हलवून हा खेळ जाणवतो.

सायलेन्सरसाठी गाडी पूर्ण थंड असावी. मागचा टांगणीचा बोल्ट ढिला झाला, त्यातले रबर चेपले किंवा टांगणीच्या पट्टीला तडा गेला तर सायलेन्सर बोटभर खाली येतो आणि उजव्या वळणावर टेकू लागतो. तडा केसाएवढा असतो, त्यामुळे पट्टी कापडाने स्वच्छ पुसून बघावी. पुन्हा बसवताना इंजिनकडचे नट आधी हलकेच लावावेत, मग टांगणीचा बोल्ट लावावा आणि शेवटी दोन्ही आवळावेत, म्हणजे नळीवर ताण राहत नाही. बाजारातून आणलेले जाड, आवाजी सायलेन्सर पुष्कळदा मूळ सायलेन्सरपेक्षा खाली लोंबतात. ते बदलून मूळ सायलेन्सर लावणे हाच त्यांवरचा इलाज आहे.

पायदानांची उंची टेपने मोजावी. सपाट फरशीवर गाडी डबल स्टँडला लावून दोन्ही टोके जमिनीपासून किती उंच आहेत ते पाहावे. फरक पाच मिलिमीटरहून जास्त असेल तर गाडी कधीतरी त्या बाजूला पडलेली आहे. लोखंडी नळीचे पायदान काढून वेल्डरकडे किंवा लोहाराकडे सरळ करून घेता येते. अ‍ॅल्युमिनियमचा वाकलेला आधार मात्र ठोकून किंवा तापवून सरळ करू नये, तो आतून चिरतो आणि पुढे पायाच्या भाराने अचानक तुटतो. तो बदलावाच. इंजिनच्या बुडाला बोल्टने कसलेले पायदान असेल तर बोल्ट जपून आवळावेत, कारण इंजिनचे आटे मऊ धातूचे असतात. दुमडणारे पायदान बोटाने वर ढकलून पाहावे. खिळी गंजून ते अडकले असेल तर त्याची सूचना देण्याची क्षमता संपली आणि ते घट्ट भागांच्या गटात गेले असे समजावे.

हवा आणि टायर

हवा तपासण्याचे काम फुकटात होते आणि तरीही ते राहून जाते. बऱ्याच १०० ते १५० सीसी गाड्यांना पुढे २५, मागे चालक एकटा असताना २८ आणि दोघे असताना ३२ ते ३६ पीएसआय हवा सांगितलेली असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा साखळीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर असतो. मोजणी थंड टायरवर करावी. मे महिन्याच्या दुपारी तीस किलोमीटर येऊन मोजलेली हवा जास्त दिसते आणि पंक्चरवाला ती कमी करून देतो, मग सकाळी टायर बसलेला असतो.

टायरचा आकारही पाहावा. मूळ टायर १००/९०-१७ असताना दुकानात उपलब्ध नाही म्हणून १००/८०-१७ बसवला, तर टायरच्या भिंतीची उंची ९० वरून ८० मिलिमीटर होते आणि मागचा आस थेट एक सेंटिमीटर खाली येतो.

शॉकअपची बैठक मोजणे व वाढवणे

मागची स्प्रिंग योग्य खाचेवर नसणे हे घासण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. गाडी नवी घेताना स्प्रिंग एकट्या चालकासाठी खालच्या खाचेवर ठेवलेली असते आणि पुढे तिच्यावर पूर्ण कुटुंब बसू लागले तरी खाच कोणी बदलत नाही. वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजच्या दुचाकी बनतात आणि शॉकअप बनवणारी एन्ड्युरन्स कंपनीही तिथलीच, तरी शॉकअपच्या बुडाला फिरवता येणारी खाचांची रिंग असते हे मराठवाड्यातल्याच कितीतरी चालकांना ठाऊक नसते.

खाच बदलण्याआधी गाडी ओझ्याने किती खाली बसते, म्हणजे तिची बैठक किती, ते मोजावे. त्यासाठी टेप आणि दोन मदतनीस लागतात. गाडी डबल स्टँडवर लावून मागचे चाक अधांतरी ठेवावे. मागच्या आसाच्या नटाचा मध्य आणि त्याच्या बरोबर वर सीटखालच्या पत्र्यावर किंवा धरायच्या दांड्यावर चिकटपट्टीने केलेली खूण यांतील अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे. समजा ते ५४० आले. आता गाडी जमिनीवर घेऊन एकाने हँडल सरळ धरावे, चालकाने दोन्ही पाय पायदानावर ठेवून नेहमीसारखे बसावे, सीटवर दोनदा उसळी देऊन गाडीला आपोआप स्थिर होऊ द्यावे, आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. ते ४९० आले तर बैठक ५० मिलिमीटर झाली. प्रवासी गाडीच्या मागच्या चाकाची एकूण हालचाल साधारण १०० ते १२० मिलिमीटर असते आणि चालक बसल्यावर तिचा पाव ते एक तृतीयांश भाग, म्हणजे ढोबळमानाने ३० ते ३५ मिलिमीटर, वापरला जाणे योग्य असते. पन्नास म्हणजे गाडी निम्मी आधीच खर्च झाली. माप आसापाशीच घ्यावे, शॉकअपच्या दांडीवर घेऊ नये, कारण तिरक्या बसवलेल्या शॉकअपची हालचाल चाकापेक्षा कमी असते.

आता रिंगच्या खाचेत अडकणारा हूक पाना घेऊन रिंग एकेक खाच वर न्यावी. दोन शॉकअप असतील तर दोन्हींची खाच सारखीच हवी; एक दुसऱ्यावर आणि एक चौथ्यावर असलेली गाडी वळणावर पिळवटल्यासारखी वागते. रिंग एका टोकाच्या खाचेवरून थेट दुसऱ्या टोकाला फिरवू नये, मधल्या खाचा क्रमाने घ्याव्यात. चिखलाने रिंग जाम असेल तर आधी धुऊन तिच्याखाली थोडे तेल सोडावे, हातोडी-छिन्नीने ठोकू नये. एकच शॉकअप असलेल्या काही गाड्यांत दोन गोल नट असतात. वरचा लॉकनट सैल करून खालच्याने स्प्रिंग दाबायची आणि परत लॉक करायचे. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावे. मग मागे माणूस बसवून मोजावे आणि एकट्यासाठी कोणती खाच, डबल सीटसाठी कोणती, हे टाकीखालच्या पत्र्यावर ऑइलपेंटने लिहून ठेवावे. घाट लागण्याआधी दोन मिनिटे थांबून खाच बदलण्याची सवय लागली तर बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

या खाचेने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. म्हणून आणखी एक माप घ्यावे. गाडी जमिनीवर, कोणीही न बसलेली असताना ती स्वतःच्या वजनाने ५ ते १५ मिलिमीटर बसायला हवी. शेवटच्या खाचेवर ती अजिबात बसत नसेल, हाताने दाबून सोडल्यावर वर जाऊन ठक्क असा आवाज करत असेल, आणि तरीही चालक बसल्यावर ४५-५० मिलिमीटर खाली जात असेल, तर स्प्रिंगच त्या ओझ्याला मऊ आहे. तिथे आणखी खाच शोधण्यात अर्थ नाही.

शॉकअप बदलणे आणि चिमट्याचा खेळ

शॉकअपच्या दांडीवर तेलाचा ओघळ असेल, गाडी मागून दाबून सोडल्यावर दोन-तीनदा झुलत असेल, किंवा दांडीवर गंजाचे टिपके असतील तर शॉकअप संपले आहेत. तेल भरून देणारे कारागीर आहेत, पण गॅसची टाकी असलेला शॉकअप कोणालाही उघडू, छेदू किंवा तापवू देऊ नये, आत दाब असतो. जोडीतला एकच बदलू नये. नवे शॉकअप घेताना वरच्या डोळ्याच्या (बोल्ट जाण्याच्या गोल छिद्राच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी जुन्याशी जुळवून पाहावी.

दोन शॉकअपची गाडी असेल तर हे काम घरीही होते. गाडी डबल स्टँडवर घेऊन मागच्या चाकाखाली लाकडी फळी सारावी, म्हणजे चिमटा (मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा, वर-खाली हलणारा सांगाडा) खाली पडत नाही. एका बाजूचा शॉकअप काढून नवा बसवावा आणि तो लागल्यावरच दुसऱ्या बाजूला हात लावावा. वॉशर कोणत्या क्रमाने होते ते काढतानाच मोबाइलवर टिपून ठेवावे. रबरी बुश फाटलेले असतील तर बदलावेत, आणि नट शेवटचे आवळण्याआधी गाडी जमिनीवर घ्यावी.

शॉकअपचे काम चाललेच आहे तर चाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवावे. खटखट जाणवली तर चिमट्याचे बुश झिजले आहेत आणि वळणावर मागचे चाक स्वतःची रेघ सोडते. लांबी वाढवण्यासाठी शॉकअपच्या खाली बसवायचे जोडतुकडे दुकानांत मिळतात. ते वापरू नयेत, कारण सगळा भार एका जास्तीच्या बोल्टवर येतो आणि साखळीचा ताण व हँडलचा स्वभाव दोन्ही बदलतात.

पुढच्या फोर्कवर तेल दिसत असेल तर सील आणि तेल बदलावे. ब्रेक लावताच पुढचे टोक खोल जात असेल तर स्प्रिंगा आखडल्या आहेत असे समजून मिस्त्रीकडून त्यांची लांबी मोजून घ्यावी.

ओझे कुठे आहे

दुधाचे कॅन लावलेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले तर नुसते दूध ८२ किलोच्या आसपास होते, त्यात कॅनचे आणि लोखंडी कॅरिअरचे वजन आले, वर चालक बसला. बहुतेक प्रवासी मोटारसायकलींची वाहण्याची क्षमता चालकासह साधारण १३० ते १५० किलो असते, म्हणजे ही गाडी रोज सकाळी मर्यादेपलीकडे जाते. अशा गाडीची स्प्रिंग शेवटच्या खाचेवर ठेवूनही ती बसणार, कारण तिच्यावर तेवढे लादले आहे. शक्य असेल तर वीस लिटरचे कॅन वापरून फेऱ्या वाढवाव्यात. ते जमत नसेल तर निदान कॅरिअरचा खालचा आडवा दांडा मागच्या आसाच्या रेषेच्या वर आणि कॅन शक्य तितका सीटला लागून असावा. बाहेर गेलेले प्रत्येक सेंटिमीटर जमिनीच्या जवळ जाते. डेअरीवर एक कॅन रिकामा करून दुसरा तसाच घरी आणणे टाळावे, दोन्हींत अर्धे-अर्धे ठेवावे. रिकामे कॅन परत आणताना त्यांची साखळी किंवा रबरी पट्टा लोंबत राहतो, तोही बांधावा.

मोटारीचा पंप, खताचे पोते किंवा उसाची मोळी पायदानावर आडवी टाकून नेली तर लवण्याची जागा जवळपास उरत नाही. अशा वेळी वळण पायी चालण्याच्या वेगाने घेणे एवढेच हाती असते.

तरीही घासत असेल तर

वरील सर्व करूनही चुना पुसला जात असेल तर बाहेरच्या भागांकडे वळावे. जादा बसवलेले रुंद लेगगार्ड आणि क्रॅशगार्ड पहिल्यांदा बदलावेत. कंपनीचे लेगगार्ड सहसा आत असते. वाकलेले लेगगार्ड गाडीवरच नळी घालून सरळ करण्याच्या प्रयत्नात फ्रेमची पकड वाकते, म्हणून ते काढूनच काम करावे. डबल स्टँडची दांडी बाहेर आली असेल तर तिचे टोक आत वळवून घ्यावे. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची वायर सोडावी आणि पेट्रोलची टाकी उतरवावी. यात टाळाटाळ नको.

साडीगार्ड मात्र काढू नये. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, धरण्याची सोय आणि पायदाने असणे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार आवश्यक आहे, आणि नियम नसता तरी पदर चाकात गेल्याचे अपघात आपल्याकडे काही थोडे नाहीत. त्याची खालची नळी वाकून बाहेर आली असेल तर आत दाबून घ्यावी. पायदाने मागे व वर नेणारे संच मिळतात, पण रोज चाळीस किलोमीटर चालवणाऱ्याचे गुडघे त्याने दुखतात आणि मिळणारा फायदा एक-दोन अंशांचा असतो.

चालवण्यातल्या दोन-तीन बाबी लोखंडाइतक्याच उपयोगी पडतात. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात एक्सलरेटर हलका आणि स्थिर ठेवावा, आणि कंबरेवरचा भाग थोडा वळणाच्या आतल्या बाजूला न्यावा. शरीर आत गेले की तेवढ्याच वेगाला गाडी कमी लवते. पुष्कळजण याच्या उलट गाडी खाली दाबून स्वतः सरळ बसतात, म्हणून त्यांची गाडी आधी टेकते. पाऊल टाचेवर न ठेवता चवड्यावर ठेवून बोटे आत घ्यावीत, चप्पल घालून घाटात जाऊ नये. मध्येच काही घासले तर एकदम ब्रेक मारू नये आणि पाय खाली टाकू नये. बाहेर जागा असेल तर गाडी किंचित उभी करून वळण मोठे घ्यावे. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांतून पडलेले पाचट आणि पहिल्या पावसात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरची काळी माती वळणांवर असते, तेथे भाग घासण्याआधीच टायर सुटतो, हेही ध्यानात असू द्यावे.

काम झाल्यावर

पुन्हा चुना लावून त्याच रस्त्याने, त्याच ओझ्यासह, त्याच वेगाने जाऊन यावे आणि पहिल्या नोंदीशी ताडून पाहावे. शे-दोनशे किलोमीटरनंतर उघडलेला प्रत्येक नट पुन्हा एकदा आवळून बघावा. मागची उंची वाढली की साखळीचा ताण बदलतो, तो पुस्तिकेप्रमाणे तपासावा. साइड स्टँड आता आखूड पडून गाडी जास्त कलत असेल तर उतारावर लावताना सावध राहावे. हेडलाइटचा झोतही मागचे टोक उचलले गेल्याने खाली पडू लागतो. रात्री भिंतीपासून दहा मीटरवर चालकासह गाडी उभी करून पाहावे, आणि लो बीमच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा थोडीच खाली येईल इतपत दिवा वर करून स्क्रू आवळावा.